नव्या आवृत्तीत जे येत नाही

(नभोवाणीवरून वाचलेल्या भाषणाचा मजकूर)



बिऱ्हाड हलविताना काय न्यावयाचे याची यादी प्रत्येक घरात होते. काय मागे राहणार याची यादी मात्र कोणी करीत नाही; ती नव्या घरी गेल्यावर आपोआप तयार होते. होळीच्या सकाळी डाळ शिजून निघते आणि पुरणयंत्र कोठे आहे हे घरात कोणालाच सांगता येत नाही. मग कोणीतरी म्हणते, “वर्षातून एकदा लागणारी वस्तू, ती कोण लक्षात ठेवणार?”

संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे आपण बोलताना जिला नुसते ‘विंडोज’ म्हणतो ती, बदलताना पुष्कळसे असेच घडते. ‘अपग्रेड’ या शब्दाने मनापुढे चढण उभी राहते, आणि जाहिरातीत नव्या सोयींची रांगच्या रांग लागलेली असते. परंतु प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर काही सोयी काढूनही घेतल्या जातात. आश्चर्य हे की, बिऱ्हाडाच्या बाबतीत जी यादी कोणी करीत नाही ती येथे केलेली असते. कंपन्या ती प्रसिद्धही करतात. वगळलेल्या व यापुढे न वाढविल्या जाणाऱ्या गोष्टी, अशा अर्थाचे तिचे शीर्षक असते. ती आधी वाचून मग यंत्र बदलणारा मनुष्य मला अद्याप भेटावयाचा आहे. मी स्वतः ती वाचली, पण गरज पडून गेल्यावर. त्या यादीविषयी, आणि तिच्यामुळे आपल्या इंदूरच्या एका लहानशा मराठी वाचनालयावर जो प्रसंग आला त्याविषयी, आज आपल्याशी बोलणार आहे.

विंडोज ११ ही आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२१ रोजी बाहेर पडली. तिच्या यादीवरून नजर फिरविली तर आरंभी किरकोळ बाबीच दिसतात. पडद्याच्या तळाशी असणारी पट्टी, म्हणजे टास्कबार, पूर्वी डावीकडे, उजवीकडे किंवा वर नेऊन ठेवता येत असे. नव्या आवृत्तीत तिला तळाचीच जागा दिली. स्टार्टच्या फलकावर जिवंत चौकोन हालत असत, ते गेले. गेल्या काही दिवसांत आपण कोणकोणते काम केले हे ओळीने दाखविणारी ‘टाइमलाइन’ गेली. गणिताची समीकरणे हाताने लिहून घेणारे ‘मॅथ इनपुट पॅनेल’ गेले. इंटरनेट एक्स्प्लोरर बंद केले. पुढे २०२४ सालच्या उत्तरार्धातील आवृत्तीतून ‘वर्डपॅड’ही काढून टाकण्यात आले. हे वर्डपॅड विंडोज ९५ पासून, म्हणजे २९ वर्षे, कोणी न मागता प्रत्येक यंत्रात येत असे, आणि ज्यांना वर्ड विकत घेणे परवडत नसे त्यांचे अर्ज, विनंतीपत्रे आणि लग्नाच्या याद्या त्यातच लिहिल्या जात.

यांपैकी काही गोष्टी परतही आल्या. विंडोज ११ च्या पट्टीवर फाइल ओढून नेऊन सोडता येईना, तेव्हा लोकांनी तक्रार केली, आणि २०२२ मध्ये ती सोय पुन्हा देण्यात आली. पट्टीवरील प्रत्येक खिडकीचे नाव वेगवेगळे दिसण्याची सोय २०२३ मध्ये परतली. याच्या आधीचे उदाहरण तर सर्वांच्या स्मरणात असेल. ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ ने स्टार्टचे बटणच काढून टाकले, आणि कित्येक कचेऱ्यांतून संगणक बंद कसा करावयाचा हाच प्रश्न होऊन बसला. एका वर्षाने, विंडोज ८.१ मध्ये, ते बटण मुकाट्याने आपल्या जागी येऊन बसले.

या गोष्टी का काढतात? कंपन्यांना आपला छळ करावयाचा असतो असे समजण्याचे कारण नाही. काही वेळा प्रश्न सरळ पैशाचा असतो. विंडोज ७ च्या घरगुती आवृत्तीत सिनेमाची डीव्हीडी घातली की ती चालत असे. त्यासाठी प्रत्येक यंत्रामागे ज्यांचे पेटंट त्यांना शुल्क द्यावे लागे. अनेक नव्या लॅपटॉपांत तर डीव्हीडीचे खण राहिले नव्हते. विंडोज ८ मध्ये ती सोय वगळली गेली. काही वेळा प्रश्न सुरक्षिततेचा असतो. व्हिस्टाच्या काळात पडद्याच्या कडेला घड्याळ, हवामान इत्यादी दाखविणारी छोटी उपकरणे आली होती. त्यांच्या वाटेने परक्या माणसाला यंत्रात शिरता येते, सबब ती बंद करून ठेवा, असा सल्ला २०१२ च्या जुलैमध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनेच दिला आणि पुढच्या आवृत्तीतून ती काढली. येथे तक्रारीला जागाच नाही.

तिसरे कारण मला अधिक विचार करण्याजोगे वाटते. हल्लीची कार्यप्रणाली आपला कोणता भाग किती लोक वापरतात याची मोजदाद ठेवते. टास्कबार नव्याने बांधताना ती बाजूला सरकविण्याची सोय का राहिली, असे विचारता, ती वापरणारांची संख्या श्रमांच्या मानाने थोडी, अशा आशयाचा खुलासा कंपनीच्या बाजूने करण्यात आला. हिशेब म्हणून तो चुकीचा नाही. पण ही मोजदाद वापराची असते, गरजेची नसते. ज्या वस्तूला रोज हात लागतो तिची नोंद रोज होते. जी वर्षातून एकदाच लागते, पण त्या दिवशी तिच्यावाचून चालत नाही, तिची नोंद जवळजवळ शून्यच. आपले पुरणयंत्र या मोजदादीत कधीच टिकले नसते. शिवाय ज्या जुन्या यंत्राला इंटरनेट जोडलेलेच नाही त्याची मोजदाद व्हावयाची कशी? ते यंत्र कंपनीच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

ही गोष्ट एकाच कंपनीची नव्हे. ॲपलने २००६ मध्ये आपल्या यंत्रांचा मेंदू बदलून इंटेलचा घेतला, तेव्हा जुने प्रोग्राम चालावेत म्हणून ‘रोझेटा’ नावाचा एक दुभाषी दिला होता. २०११ च्या जुलैतील ‘लायन’ आवृत्तीत तो दुभाषी काढून घेतला, आणि जुने प्रोग्राम त्या दिवसापासून मुके झाले. ७ ऑक्टोबर २०१९ रोजी आलेल्या ‘कॅटालिना’ने बत्तीस बिटांचे सारे प्रोग्राम एकदम बंद केले. त्याची पूर्वसूचना २०१८ पासून पडद्यावर झळकत होती. ती आपण सर्वांनी ‘ठीक आहे’ या बटणावर बोट ठेवून घालविली. फुकट मिळणाऱ्या लिनक्सच्या जगात तरी निराळे होते काय? उबुंटूच्या चालकांनी जून २०१९ मध्ये बत्तीस बिटांची सामग्री सोडून देण्याचे जाहीर केले; मात्र तेथे इतका गदारोळ झाला की आठवड्याच्या आतच त्यांनी तीतील निवडक भाग ठेवण्याचे मान्य केले. गदारोळ करणारे बहुतेक खेळांचे शौकीन होते. वाचनालयांच्या लेखनिकांना असा गदारोळ करण्याची सवय नसते.

या साऱ्या वजाबाकीत मला सर्वांत चमत्कारिक वाटते ती मदत-पुस्तकांची. पूर्वी प्रत्येक प्रोग्रामबरोबर त्याची माहितीपुस्तिका एका विशिष्ट प्रकारच्या फाइलीत येत असे. ती वाचून दाखविणारा छोटा प्रोग्राम २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून संचात नाहीसा झाला. व्हिस्टा, ७ आणि ८ यांसाठी तो निराळा उतरवून घेता येई. विंडोज १० साठी तो दिलाच नाही. परिणाम असा की, प्रोग्राम चालतो, पण तो कसा चालवावा हे सांगणारे पुस्तक उघडत नाही. घरात म्हातारा नोकर आहे, पण त्याची भाषा जाणणारे कोणी उरले नाही, असा काहीसा तो प्रकार होय.

आता वाचनालयाकडे वळतो.

आमच्या या वाचनालयात सुमारे १२,००० मराठी ग्रंथ आहेत. त्यांपैकी पुष्कळसे होळकर संस्थानच्या काळात येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांनी दिलेले आहेत. १९९२ साली एका हितचिंतकाच्या देणगीतून आम्ही संगणक घेतला आणि त्यात पुण्याच्या सी-डॅक संस्थेने तयार केलेले ‘जिस्ट’ कार्ड बसवून घेतले. आजच्या पिढीला हे कार्ड ठाऊक नसावयाचे. त्या वेळी संगणक डॉसवर चाले आणि डॉसला इंग्रजीखेरीज काही येत नसे. हे कार्ड यंत्राच्या आत खाचेत बसवले की त्याच डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. आमचे तेव्हाचे लेखनिक, ज्यांना सारे सभासद अण्णा म्हणत, त्यांनी चार वर्षे खपून एकेका ग्रंथाची नोंद त्यात केली: दाखलअंक, ग्रंथनाम, ग्रंथकार, किंमत आणि शेवटी शेरा.

हा शेऱ्याचा रकाना महत्त्वाचा आहे. अण्णांनी त्यात ‘पाने ३३ ते ४० नाहीत’, ‘वाळवी, बांधणी करणे’ अशा नोंदी तर केल्याच, पण पुस्तक कोणी दिले, कोणाच्या स्मरणार्थ दिले, आतल्या पानावर कोणाची सही आहे, हेही लिहून ठेवले. १९९७ मध्ये या सूचीची छापील वही काढली. प्रिंटरच्या कागदावर सारे रकाने मावेनात म्हणून शेऱ्याचा रकाना छपाईतून वगळला. तेव्हा त्याचे कोणाला काही वाटले नाही. यंत्रात आहेच, असे आम्ही म्हणालो.

२००३ मध्ये ते यंत्र बिघडले. नव्या यंत्रात कार्डाला बसण्याजोगी खाच नव्हती. ती खाच असलेली यंत्रे निघण्याचेच बंद होत आले होते. सूचीचा प्रोग्राम मात्र नव्या विंडोजखाली उघडत असे. आकडे व्यवस्थित दिसत. मराठी अक्षरांच्या जागी उभ्या-आडव्या रेघा, चौकोन आणि मधूनच एखादे ग्रीक अक्षर दिसे. आम्ही त्याला सरावलो. दाखलअंक आणि सभासद क्रमांक दिसत असल्याने पुस्तकांची देवघेव त्याच प्रोग्रामवर चालू राहिली. ग्रंथाचे नाव पाहावयाचे झाले तर छापील वही होती. अशी बावीस वर्षे गेली. मधल्या काळात यंत्र बदलले, विंडोज ७ आली, तिच्यावर विंडोज १० फुकट मिळाली. प्रोग्राम चालतच राहिला. त्याचे कारण, आमच्या यंत्रावरील विंडोज बत्तीस बिटांची होती, हे आम्हांस ठाऊकही नव्हते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. घरगुती वापरासाठी आणखी एक वर्षापुरती, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, सुरक्षा-दुरुस्तीची तजवीज कंपनीने ठेवली होती; पण सभासदांची वर्गणी त्याच यंत्रावरून बँकेत भरली जात असल्याने कार्यकारी मंडळाने धोका न पत्करण्याचे ठरविले. जुन्या यंत्रावर विंडोज ११ चढण्यासारखी नव्हती. तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती लागते आणि साधारणतः २०१७ नंतरचाच प्रोसेसर चालतो. तेव्हा वर्गणी काढून नवे यंत्र आणले. सर्व फाइली त्यात जशाच्या तशा आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपालबाईंनी सूचीच्या चिन्हावर बोट ठेवले, तो हे ॲप या संगणकावर चालू शकत नाही, अशी सूचना पडद्यावर आली. काउंटरवर सात-आठ सभासद पुस्तके घेऊन उभे होते.

दोष कोणाचा म्हणाल, तर आमचाच. विंडोज ११ ही फक्त चौसष्ट बिटांचीच निघाली, आणि चौसष्ट बिटांची विंडोज सोळा बिटांचे प्रोग्राम चालवीत नाही, ही गोष्ट गुप्त नव्हती. तिच्यामागे कारणही आहे. डॉसचे जुने प्रोग्राम बत्तीस बिटांच्या विंडोजखाली चालत, ते प्रोसेसरच्या अंगी असलेल्या एका खास अवस्थेच्या बळावर. त्या अवस्थेत प्रोसेसर क्षणापुरते आपले वय विसरून १९८० च्या सुमाराचा जुना प्रोसेसर असल्याचे सोंग घेई. चौसष्ट बिटांच्या चालीने धावत असताना त्याला हे सोंग घेता येत नाही. म्हणजे येथे कोणी दार लावून घेतले असे नसून, वाटच दुसरीकडून काढली गेली होती.

देवघेव दोन दिवसांत वहीवर सुरू झाली. शाळेतल्या फूटपट्टीने रकाने आखताना आमच्यातील दोघा-तिघांना आनंदच झाला, हे येथे कबूल केले पाहिजे. पण शेऱ्याचा रकाना? तो छापील वहीत नव्हता. पडद्यावर तो बावीस वर्षे कोणी वाचलेला नव्हता. अण्णा २०११ मध्ये वारले. कोणत्या कुटुंबाने कोणता ग्रंथ दिला हे आता दुसरीकडे कोठेही लिहिलेले नाही.

गावातील एक तरुण संगणक-अभियंता, एका सभासदांचा नातू, मदतीस आला. त्याने प्रथमच एक गोष्ट सांगितली, ती मला फार उपयोगी वाटली: प्रोग्राम वेगळा आणि त्याने लिहिलेली नोंद वेगळी. प्रोग्राम चालत नसला तरी नोंदींची फाइल आहेच. ती डीबेसच्या धर्तीची, म्हणजे जगात लाखो ठिकाणी वापरली गेलेली. लिबरऑफिस या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये ती लगेच उघडली. आकडे ओळीने उभे राहिले. मराठीच्या जागी पुन्हा तीच चिन्हांची गर्दी.

आता या गर्दीचा अर्थ लावावयाचा होता, आणि येथे मला ज्याची कल्पनाही नव्हती असे काही घडले. जिस्ट कार्ड आपली अक्षरे ‘इस्की’ या पद्धतीने साठवीत असे. ही भारतीय लिप्यांसाठी ठरविलेली राष्ट्रीय पद्धती. भारतीय मानक ब्यूरोने ती १९९१ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध केली. तिच्यात प्रत्येक अक्षराला एक ठरीव क्रमांक आहे आणि अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठविली जातात. ‘कि’ लिहिताना वेलांटी दिसावयास आधी दिसली तरी साठविताना आधी ‘क’ आणि मग ऱ्हस्व वेलांटी. पुढे सर्व जगाच्या लिप्यांसाठी युनिकोड झाले, त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली आहे. त्यामुळे एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणे म्हणजे बव्हंशी एका पानावर मावेल अशी सारणी लावणे. त्या तरुणाने ते काम एका दुपारी केले. संध्याकाळी पडद्यावर अण्णांचे शब्द दिसू लागले. पहिलीच नोंद उघडली तिच्या शेऱ्यात होते: ‘बांधणी उत्तम. देणाराने नाव सांगू नये म्हणून सांगितले.’ आणि त्याखाली कंसात अण्णांनी नाव लिहून ठेवले होते! ते मी येथे सांगत नाही.

१९९२ सालचे काम, डॉसवरचे, बिघडलेल्या यंत्रातले, आज निघून गेलेल्या कार्डाचे. ते एका दुपारी सुटले. याहून पुढच्या, अधिक सुधारलेल्या काळातील कामाची गोष्ट मात्र निराळी झाली.

१९९८ पासून २००८ पर्यंत आमच्या वाचनालयाने दर वर्षी स्मरणिका काढली. एव्हाना विंडोज आली होती; अक्षरे सुंदर वळणाची मिळू लागली होती. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, जेथे जेथे मराठी छापले जाई तेथे तेथे डीटीपी करणारा मनुष्य ‘पेजमेकर’ घेऊन बसलेला असे. त्यातील फॉन्ट निरनिराळ्या कंपन्यांचे, आणि प्रत्येकीची अक्षरांची मांडणी वेगळी. या फॉन्टांत देवनागरी ही इंग्रजी अक्षरांचा मुखवटा असते. फाइलीत साठविलेले असते इंग्रजी चिन्ह. फॉन्ट त्याला ‘क’चा चेहरा देतो. त्याच चिन्हाला दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट ‘ध’चा चेहरा देईल. शिवाय अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठविलेली: वेलांटी आधी, रफार अक्षराच्या नंतर, अर्धी अक्षरे निराळ्या घरात, जोडाक्षरे आणखी निराळ्या घरात. छापील पान देखणे होई यात शंका नाही. ते पाहून आम्ही अण्णांच्या सूचीतील ओबडधोबड अक्षरांना हसत असू.

टंकलेखनाचा प्रोग्राम चालण्यासाठी प्रिंटरच्या तोंडाशी एक कुलूप लावावे लागे. चौसष्ट बिटांच्या विंडोजने व्हिस्टापासून असा नियम केला की, यंत्राच्या गाभ्यात शिरणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरवर अंकीय सही असलीच पाहिजे. जुन्या कुलपांच्या ड्रायव्हरांवर ती कोठली असणार? पेजमेकरचे म्हणाल तर, १९८५ मध्ये निघालेल्या या प्रोग्रामची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची. त्याच्या फाइली त्याचा वारस ‘इनडिझाइन’ काही काळ उघडीत असे; २०१२ च्या सीएस६ आवृत्तीपर्यंत ती सोय होती, पुढच्या आवृत्त्यांत ती उरली नाही. म्हणजे कुलूप एका आवृत्तीत गेले, वाचणारा दुसऱ्या ठिकाणी गेला, आणि मजकूर मध्येच राहिला.

ज्यांनी पुढे युनिकोडमध्ये लिहिले त्यांचे बरे झाले. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० ने देवनागरी प्रथमच घरात घेतली, आणि तिच्याबरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींच्या हातचा. त्यात लिहिलेले पत्र आजही वाचता येते. मात्र २०१५ च्या विंडोज १० पासून मंगल मूळ संचातून निघून मागणीनुसार मिळणाऱ्या जादा फॉन्टांत गेला. त्याची जागा ‘निर्मला’ने घेतली. त्यामुळे मंगलमध्ये बेतलेले दहा पानांचे इतिवृत्त ज्या यंत्रावर तो फॉन्ट नाही तेथे उघडले तर ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात, तक्ते सरकतात. हे दुःख आहे खरे. पण यात शब्द तरी शाबूत राहतात.

स्मरणिकांसाठी आम्ही काय केले ते थोडक्यात सांगतो. जुने यंत्र भंगारात द्यावयाचे ठरले होते, ते परत आणले. त्याची इंटरनेटची तार काढून टाकली आणि वाचनकक्षाच्या कोपऱ्यात ते ठेवले. शहरात ‘विंडोज टाकून देतो’ म्हणणारे आणि दिसेल त्या यंत्राला ‘फॉरमॅट मारणारे’ उत्साही लोक पुष्कळ. म्हणून त्यावर मोठ्या अक्षरांत ‘या यंत्रास हात लावू नये’ अशी चिठ्ठी डकवली. त्या यंत्रावर पेजमेकर अद्याप उघडतो. त्यातून एकेक लेख काढावयाचा, परिवर्तक प्रोग्राममधून तो युनिकोडमध्ये आणावयाचा, आणि मग छापील प्रतीशी ताडून पाहावयाचा. रफार पुढच्या अक्षरावर गेलेला असतो, ‘श्र’चे काहीतरी भलतेच झालेले असते, ‘ऱ्या’ बहुधा तुटलेला असतो. तिघे निवृत्त शिक्षक दर शनिवारी दुपारी येऊन बसतात. एक वाचतो, एक पडद्यावर पाहतो, तिसरा दुरुस्त करतो. एका स्मरणिकेला सुमारे दीड महिना लागतो. ‘तुम्ही सरळ पुन्हा टंकून का घेत नाही?’ असे एकाने विचारले. काही लेखांच्या बाबतीत आम्ही तेच केले. ते जलद झाले.

अकरा वर्षांपैकी चार वर्षांच्या स्मरणिका आतापर्यंत पुऱ्या झाल्या. सहा वर्षांच्या फाइली उघडतात, त्या यथावकाश होतील. राहिली २००४ ची. तिची फाइल उघडते, परंतु सोळाव्या पानापुढे मजकूर तुटलेला आहे. त्या अंकात येथील जुन्या मराठी वस्त्यांविषयी वयोवृद्ध सभासदांनी सांगितलेल्या आठवणी होत्या. सांगणाऱ्यांपैकी आज कोणी हयात नाही. त्या वर्षीची छापील प्रत वाचनालयाच्या कपाटात नाही. श्रोत्यांपैकी कोणाच्या घरी, माळ्यावर किंवा जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात ती असली, तर कृपा करून वाचनालयाच्या वेळात आणून दाखवावी. तिची पाने तेथेच टिपून घेऊ आणि प्रत त्याच दिवशी परत करू. मुखपृष्ठ फिक्या निळ्या रंगाचे आहे, आणि त्यावर राजवाड्याचे रेखाचित्र आहे.